मेंढरांचा सर्व्हर

आबा कुठल्याही यंत्रावर विश्वास टाकण्याआधी ते मध्येच बंद पाडून बघायचे. चालू असताना सगळीच चांगली वागतात, असं त्यांचं म्हणणं. घरी नवा मिक्सर आला तेव्हा चटणी अर्धी वाटून झालेली असताना त्यांनी मेन स्विच खाली ओढला. "आता बघू, परत सुरू होताना कसं वागतंय." तेवढ्यात काकूंनी झाकण काढून आत डोकावलं होतं. मिक्सर परत सुरू होताना कसा वागला, ते आबांच्या बनियनवर पुढे कितीतरी दिवस दिसत होतं.

पुतण्याच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकांच्या मधोमध मांडवाची लाईन बंद केली. जनरेटर आपोआप सुरू होतो, असं मांडववाला म्हणाला होता. जनरेटर काही सुरू झाला नाही. भटजींनी उरलेली मंगलाष्टकं घसा ताणून म्हटली. सगळे मांडववाल्यावर चिडले होते, आबा मात्र खूश होते. "भटजी चांगले हायेत," ते म्हणाले. "लाईटीवर अवलंबून न्हाईत."

शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, तिथे आबांच्या खिशात वीज तपासायचा टेस्टर असायचा. सहीसाठी कुणी पेन मागितलं तर हात आपोआप खिशाकडे जायचा आणि समोरच्याच्या हातात टेस्टर यायचा. एकदा एका बँकेच्या साहेबांनी त्या टेस्टरने अर्धी सही केलीसुद्धा, आणि मग शाई का येत नाही म्हणून झटकत बसले.

नोकरीची सगळी वर्षं आबांनी येडगावच्या धरणावर काढली. दरवाजे उघडायचे, बंद करायचे, पाण्याची पातळी लिहायची. तिथे पातळी दाखवणारं गेज होतं, पण आबा रोज स्वतः भिंतीवरून वाकून पाणी बघून यायचे. "गेज म्हणतंय ते पाणी न्हाई," ते म्हणायचे. "पाणी म्हणतंय ते पाणी." निवृत्त झाल्यावर गावातल्या मेंढपाळांच्या संस्थेने त्यांना सेक्रेटरी केलं. मी त्याच संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. नुकतीच बी.एस्सी. झाले होते, रोज पेठहून एसटीने यायचे, आणि जगातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

ती समजूत नवव्या दिवशी गेली.

संस्थेचं काम सोपं होतं. सभासदांच्या प्रत्येक मेंढीच्या कानात नंबराचा बिल्ला असायचा. कुठली मेंढी कुणाची, तिला कधी कुठली लस टोचली, सध्या कळप कुठे आहे, हे सगळं एका भल्यामोठ्या एक्सेलमध्ये लिहिलेलं असायचं. त्या दिवशी चेअरमनना सभासदांची नावं अ पासून ज्ञ पर्यंत ओळीने हवी होती. मी नावांचा रकाना निवडला, ओळीने लावला, फाईल सेव्ह केली आणि चहाला गेले. परत येऊन बघते तो फक्त नावंच ओळीने लागली होती. बाजूचे बिल्ल्यांचे नंबर होते तिथेच होते. एका बटणात संस्थेच्या सगळ्या मेंढ्यांनी मालक बदलले होते.

मी रडत आबांपुढे उभी राहिले. चेअरमन म्हणाले, हिला उद्यापासून बंद करा. आबांनी पडद्याकडे बघितलं.

"पोरी, हे करताना यंत्रानं तुला काय विचारलं का?"

"विचारलं होतं. मी 'हो' म्हटलं."

"नीट विचारलं का? म्हंजे, सगळ्या मेंढ्या इकडच्या तिकडं करू का, असं?"

"तसं नाही. इंग्रजीत काहीतरी होतं."

"मग तुझी चूक निम्मीच," आबा म्हणाले आणि चेअरमनकडे वळले. "हिला काढून काय व्हनार? उद्या दुसरी येईल, तीबी नवव्या दिवशी चहाला जाईल. आपल्याला असं कायतरी पाहिजे, की एका मेंढीचा मालक बदलायचा तर तेवढ्याच मेंढीचा बदलंल."

"त्याला डेटाबेस म्हणतात," मी नाक पुसत म्हणाले. "आणि तो ठेवायला सर्व्हर लागतो."

सर्व्हर हा शब्द संस्थेत पहिल्यांदा उच्चारला गेला तो असा, नाक पुसता पुसता. जुन्या नोंदी कागदी वह्यांवरून परत भरायला मला पाच आठवडे लागले. तेवढ्या वेळात आबा सर्व्हर निवडायला लागले.

सगळ्यात आधी त्यांनी माझी यादी फाडली. मी यादीत बाजारातला सगळ्यात वेगवान प्रोसेसर लिहिला होता.

"हे सेकंदाला किती नोंदी करंल?"

"हजारो, आबा!"

"आपल्या दिवसाला किती व्हत्यात?"

मी मनात मोजलं. "तीस-चाळीस."

"मग राहिलेला दिवस ते काय करनार? हितं बसून आपल्याकडं बघनार का?"

चेअरमनच्या ओळखीतला एक कंपनीवाला पुण्याहून सर्व्हर घेऊन आला. काळा, चकचकीत, पुढे निळे दिवे. संचालक मंडळ जमलं, हार आणला, नारळ आणला. चेअरमननी भाषणात "क्रांती" हा शब्द चार वेळा वापरला. आबांनी मला आधीच एक छोटा प्रोग्रॅम करायला सांगितला होता. बटण दाबलं की एक खोटी मेंढी नोंदली जायची आणि पडद्यावर यायचं, 'मेंढी क्रमांक अमुक, नोंद झाली.' मी बटण दाबत होते, आबा मोठ्याने वाचत होते.

"पंचेचाळीस, नोंद झाली. शेहेचाळीस, नोंद झाली. सत्तेचाळीस, नोंद झाली."

आणि त्यांनी वायर ओढली.

निळे दिवे गेले. कंपनीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो काका! असं डायरेक्ट नसतं बंद करायचं! त्याची एक पद्धत असते."

"आमच्याकडं लाईटीला ती पद्धत म्हाईत न्हाई," आबा म्हणाले आणि वायर परत लावली. सर्व्हर सुरू झाला. मी मेंढ्या मोजल्या. एकोणचाळीस.

"आठ मेंढ्या कुठं गेल्या?" आबांनी विचारलं.

"काका, त्या कॅशमध्ये असणार. म्हणजे डिस्कवर लिहायच्या आधी थोडा वेळ हातात धरून ठेवतं ते. स्पीडसाठी."

"मग 'हातात हाय' म्हनायचं. 'नोंद झाली' का म्हनलं?"

प्रश्न बरोबर होता. सर्व्हरने लिहायच्या आधीच लिहिलं म्हणून सांगितलं होतं. आमच्या कॉलेजात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. धरणावरच्या माणसाने वायर ओढून शिकवलं.

चेअरमन मात्र खवळले. "आबा, अहो त्या खोट्या मेंढ्या आहेत!"

"याला खोट्या मेंढ्या सांभाळता येत न्हाईत, आन् तुमी खऱ्या द्यायला निघालाय व्हय?"

नारळ फुटला नाही. काकूंनी त्याची नंतर चटणी केली.

दुसरा विक्रेता नाशिकहून आला. त्याचा सर्व्हर आडवा, चपटा, पिझ्झाच्या खोक्यासारखा, आणि आवाज असा की शेजारच्या खोलीतले लोक बाहेर येऊन आभाळात विमान शोधायचे. आबांनी चार वेळा वायर ओढली. चारही वेळा सगळ्या मेंढ्या जागेवर. माझा जीव भांड्यात पडला. पण आबा म्हणाले, आठ दिवस ट्रायलला राहू द्या.

आमच्या ऑफिसला लागूनच लोकरीचं गोदाम होतं आणि तेव्हा कातरणीचे दिवस होते. हवेत सगळीकडे लोकर उडायची. चहात पडायची, फायलींना चिकटायची, चेअरमनच्या मिशीत बसायची. सहाव्या दिवशी सर्व्हर ओरडायला लागला आणि सातव्या दिवशी गरम होऊन आपला आपण बंद पडला. विक्रेत्याचा माणूस आला, त्याने झाकण काढलं आणि तो एक पाऊल मागे सरला. आतल्या आठही पंख्यांनी आठवडाभर लोकर ओढून घेतली होती. ती दाबून दाबून बसली होती, पांढरी, काळी, करडी.

आबांनी वाकून बघितलं. "चांगलं यंत्र हाय," ते म्हणाले. "अजून पंधरा दिवस ठेवलं असतं तर घोंगडीच निघाली असती."

तिसऱ्या खेपेला आबांनी विक्रेते बोलवायचं बंद केलं. काय काय पाहिजे ते त्यांनी मला सांगितलं आणि मी आमच्या कॉलेजच्या सरांना विचारून त्याची कॉम्प्युटरच्या भाषेत यादी केली. पंखा एकच असावा, मोठा आणि सावकाश फिरणारा. त्याच्यापुढे जाळी, जी काढून धुता येईल. डिस्क दोन, दोन्हींवर तोच मजकूर, म्हणजे एक गेली तर दुसरी आहे. आणि त्या डिस्क अशा, की लाईट गेल्यावर हातातलं लिहून टाकण्यापुरती वीज त्यांच्या स्वतःजवळ असेल. मेमरी अशी की आठवणीत काही चूक झाली तर स्वतःच दुरुस्त करेल. हे शेवटचं ऐकून चेअरमन म्हणाले, तसली एक आमच्या भाषणांसाठीही बघा.

आलेलं यंत्र दिसायला जुन्या कपाटासारखं होतं. दिवा एकच, तोही हिरवा, बारका. आबांनी एका आठवड्यात सतरा वेळा वायर ओढली. मला न सांगता, मी जेवत असताना, एकदा तर मी वायरीशेजारी उभी असताना, माझ्याशी बोलता बोलता. प्रत्येक वेळी आम्ही मेंढ्या मोजल्या. एकही हरवली नाही. अठराव्या वेळी त्यांनी वायर हातात धरली आणि सोडून दिली. "आता पुरे," म्हणाले. "आता त्याचा अपमान व्हईल."

मग राहिली यंत्र चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम; वायर ओढण्यापुरती सरांनी एक तात्पुरती टाकून दिली होती, आता कायमची ठरवायची होती. मी लिनक्स म्हटलं, ती फुकट मिळते. आबांनी विचारलं, त्यात कुठलं कुठलं येतं. एक होतं दर सहा महिन्यांनी नवं येणारं, आणि दुसरं जुनं, पण कैक वर्षं दुरुस्त्या मिळत राहणार होत्या.

"दर सा म्हैन्याला नवं? जुन्याचं काय वाईट असतं?"

"काही नाही. नवीन सोयी येतात."

"मेंढीला नवीन सोय आली का एखादी?"

जुनं ठरलं. त्यावर चित्रं, खिडक्या असलं काही टाकायचं नाही, हे मी ठरवलं. सर्व्हरला त्याची गरज नसते, आणि जेवढं कमी तेवढं बिघडायला कमी. आबांना हे इतकं आवडलं की त्यांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली.

अडचण चेअरमनची झाली. सर्व्हरबद्दल त्यांची एकच मागणी होती, पडद्यावर त्यांचा फोटो. फेटा बांधलेला, मागे मेंढ्या. आता पडदा काळा आणि त्यावर पांढरी अक्षरं. "बंद पडलाय का?" ते दर तासाला येऊन विचारायचे. शेवटी मी तोडगा काढला. सर्व्हर उघडताना सुरुवातीला एक ओळ दिसते, तिथे मी त्यांचं नाव टाकलं: मा. चेअरमन साहेब, आणि पुढे पूर्ण नाव. पण त्या काळ्या पडद्याला मराठी अक्षरं येत नव्हती. नाव आलं ते एकामागे एक रिकामे चौकोन होऊन.

चेअरमन चष्मा लावून बघत राहिले. "हे काय आहे?"

"तुमचं नाव," मी म्हणाले.

"सगळं?"

"अनुस्वारासकट," आबा म्हणाले.

पुढच्या वर्षी मेंढ्यांच्या देवीची साथ आली. आमच्या तालुक्याच्या वरच्या अंगाला काही कळपांत मेंढ्या मेल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे लस होती, पण थोडीच. पुढची यायला वेळ लागणार होता. आमच्या सभासदांपैकी कुणाच्या मेंढ्या टोचायच्या राहिल्यात आणि ते कळप आत्ता कुठे आहेत, हे त्यांना त्याच दिवशी पाहिजे होतं. लाईट सकाळपासून येत-जात होती. मी विचारलं, सर्व्हरने सांगितलं. फक्त तीन कळप राहिले होते. दोन जवळच होते, दुपारपर्यंत त्यांचं काम झालं. तिसरा डिंभ्याच्या पाण्याकडेला होता, एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती.

आबा आणि मी डॉक्टरांच्या जीपमधून तिथे गेलो. कळपाचा मालक हात जोडून पुढे आला.

"पावणं, उगा लांब आला. आमची टोचून झाल्यात की. मागंच."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. लस मोजकी होती. उगाच दोनदा टोचून संपवायची नव्हती. मी कागद उलटा-सुलटा केला. जुन्या वह्यांवरून सगळं मीच भरलं होतं, एखादी ओळ सुटलीही असेल.

"यंत्र म्हनतंय न्हाई टोचल्या," आबा म्हणाले.

"यंत्राला काय कळतंय, आबा? तुमीच म्हनायचा ना, गेजवर इस्वास ठेवू नका म्हनून?"

मी आबांना असं अडकलेलं कधी बघितलं नव्हतं. समोर जन्मभराच्या ओळखीचा माणूस, आणि दुसऱ्या बाजूला कपाटासारखं एक खोकं, तेही तिथे हजर नाही. ते एका दगडावर बसले, टोपी काढली, परत घातली.

"त्या यंत्राची मी सतरा येळा वायर वढलीय," ते शेवटी म्हणाले. "तुझी एकदाबी वढलेली न्हाई."

मागे चुलीपाशी बसलेली मालकाची बायको एकदम हसायला लागली. हसता हसता तिने तोंडाला पदर लावला.

"न्हाई टोचल्या, आबा. तवा मेंढ्या गाभण व्हत्या. सुईनं गाभडतील म्हनून ह्येंनी डॉक्टरला दुसऱ्याच वाटंला लावलं, आन् आमी ह्या वाटंनी आलो."

"अगं..." मालक म्हणाला.

"काय अगं? मरतील ना सगळी!"

डॉक्टरांनी त्याला समजावलं, दिवस भरत आलेल्या मेंढ्या बाजूला काढल्या आणि बाकीच्यांना लस टोचली. मालक स्वतः एकेक मेंढी धरून देत होता आणि दर मेंढीमागे आबांची नजर चुकवत होता.

त्या कळपातली एकही मेंढी गेली नाही. साथ ओसरल्यावर आबा आणि मी एसटीने परत डिंभ्याला गेलो, कारण आबांना सगळ्या मेंढ्या स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या होत्या. निघताना त्या बाईंनी एक महिना-दीड महिन्याचं कोकरू, मादी, पांढरंशुभ्र, आबांच्या हातात ठेवलं.

"ही तुमच्या यंत्राला," त्या म्हणाल्या.

"आगं, यंत्र काय करनार तिचं?"

"ते मला काय म्हाईत? त्यानं माझं येवढं राखलं. रिकाम्या हातानं कसं पाठवू?"

आबांचं काही चाललं नाही. दोन तास एसटी आली नाही. आली ती भरलेली. आबा उभ्याने, छातीशी कोकरू. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट लागेल. आबा म्हणाले, घे, पन याला बसायला जागा दे. कंडक्टर पुढे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी कोकराची नोंद करायला बसले. बिल्ल्याचा नंबर, रंग, वय. पुढचा रकाना मालकाचा, आणि तो रिकामा ठेवता येत नव्हता. आबांनीच तसं करायला लावलं होतं.

"तुमचं नाव लिहू?"

"माझं कसं? मला कुठं दिली?"

"मग संस्थेचं?"

"संस्थेलाबी न्हाई दिली. ज्याला दिली त्याचं लिही. उगा खोटं कशाला?"

मी लिहिलं. मालक: सर्व्हर. गाव: येडगाव.

कोकरू आबांच्या गोठ्यात वाढलं. काकूंच्या मागे मागे फिरायचं, चटण्या सोडून सगळं खायचं. मग ते कोकरू राहिलं नाही, मेंढी झाली, तिला कोकरं झाली, त्या कोकरांना कोकरं झाली. आबांचे गुडघे दुखायला लागले तसं त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं आणि घरी बसले, पण सर्व्हरच्या मेंढ्या त्यांच्याचकडे राहिल्या. जन्मलेल्या प्रत्येक कोकराची नोंद ते मला फोनवरून सांगायचे. आज सर्व्हरच्या नावावर सात आहेत.

संस्थेचा नियम असा, की पाच मेंढ्या झाल्या की माणूस आपोआप सभासद होतो आणि वार्षिक सभेचं पत्र त्याला आपोआप निघतं. पत्रं छापायचं काम सर्व्हरच करतो. त्याने स्वतःच्या नावाचं पत्र स्वतःच छापलं, 'श्री. सर्व्हर, रा. येडगाव', आणि शिपायाने ते नाव वाचून इमानाने माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मला ते दुरुस्त करता आलं असतं. केलं नाही. त्यासाठी आबांना विचारायला लागलं असतं, आणि त्यांनी मला परत विचारलं असतं की खोटं कशाला.

यंदा चेअरमननी शिस्त लावायचं मनावर घेतलं. सलग तीन सभांना गैरहजर राहिलेल्या सभासदांना नोटिसा निघाल्या. त्यांनी गठ्ठ्यावर न वाचता सह्या केल्या. एक नोटीस श्री. सर्व्हर यांना होती: सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा सभासदत्व रद्द करण्यात येईल.

मी आबांना फोन लावला आणि वाचून दाखवलं.

"लिही," आबा म्हणाले. "'संस्थेत रुजू झाल्यापासून कामावरून एकही दिवस सुट्टी न मिळाल्यामुळे सभेला येऊ शकलो न्हाई. तरी क्षमा असावी.' 'न्हाई'चं 'नाही' कर. तो शिकलेला हाय."

मी तसं छापून गठ्ठ्यात ठेवलं. संचालक मंडळाच्या बैठकीत खुलासे नावं न घेता, नुसत्या सभासद क्रमांकाने एकामागे एक वाचले गेले. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाचा पाय मोडला होता. सर्व्हरचा खुलासा वाचून झाल्यावर चेअरमननी चष्मा काढला आणि सगळ्यांकडे बघून मान हलवली.

"बघा," ते म्हणाले, "ह्याला म्हणतात माणूस. असा सभासद मंडळावर घ्यायला पाहिजे."

आणि सूचनेला दोघांनी अनुमोदन दिलं.